तांबड्या रेघेखालचं नाव

ज्या माणसानं माझं नाव जिल्हाभर चूक म्हणून लिहून ठेवलं, त्याच्याबद्दल लिहायला बसलो आहे. चांगलंच लिहिणार आहे, कारण खोटं लिहिलं तर तो गेलेला माणूससुद्धा तांबडी शाई घेऊन समोर उभा राहील. पण माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मेहकरला बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. विहिरींवरच्या मोटा जाऊन डिझेलची इंजिनं येत होती, आणि इंजिनं जेवढी आली होती तेवढी ती कळणारी माणसं अजून आली नव्हती. मी बाविसाव्या वर्षी त्यांच्याकडे कामाला लागलो, तो चार वर्षं राहिलो. मला कोणी काही दिलेलं नाही. जे आहे ते मी भांडून, घासाघीस करून मिळवलं आहे. मिस्त्रींशी मात्र माझी घासाघीस कधी चालली नाही.

त्यांच्या दुकानात खिडकीच्या गजाला सायकलच्या जुन्या साखळीनं एक जाड पुठ्ठ्याची वही बांधलेली असायची. तिला मोठी वही म्हणत. कोणत्या इंजिनाला काय झालं, काय केल्यानं बरं झालं, ते सगळं तिच्यात. ती कोणीही वाचावी, कोणीही उतरून न्यावी. खामगावचे, चिखलीचे, नांदुऱ्याचे कारागीर येऊन दिवस दिवस बसून उतरून नेत. बाकीचे मिस्त्री आपली विद्या बायकोलाही सांगत नसत, आणि आमचे मिस्त्री गिऱ्हाइकाला स्टूल देऊन म्हणत, "बस, लिवून घे. चहा पेतो का?"

मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, अशी विद्या फुकट वाटली त् उद्या दुकानात कोन येईन?"

"जो चुकीन तो येईन," ते म्हणाले. "आन येताना काय चुकलं ते सांगीन. ते मले फुकटच भेटते का नाही?"

वहीचे नियम होते. लिहिणाऱ्यानं आपलं नाव लिहायचं, काय केलं ते लिहायचं, आणि का केलं तेही लिहायचं. 'का' नसेल तर मिस्त्री ते पान घ्यायचे नाहीत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि इंजिन चाललं, तर कशानं चाललं ते देवालाही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग दुसऱ्या कोणीतरी, लिहिणाऱ्याला एक शब्द न विचारता, नुसतं वाचून तेच काम करून पाहायचं. त्याचं नाव शेजारच्या रकान्यात: 'करून पाहणारा'. आणि काही चुकीचं निघालं तर पान फाडायचं नाही. तांबड्या शाईची एकच रेघ मारायची, अशी की खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे.

वहीत सर्वांत जास्त तांबड्या रेघा मिस्त्रींच्याच नावावर होत्या. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे. वाटायचं कारणही नव्हतं. दुकान त्यांचं, वही त्यांची, शाईही त्यांची.

इंजिन बिघडलं म्हणून माणूस आला की "काय झालं" असं ते कधी विचारत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला: "चांगलं कवा चालत होतं? आन त्याच्यानंतर कोनं काय बदललं?" हा प्रश्न त्यांनी उशिरा आलेल्या बसच्या कंडक्टरला विचारलेला मी ऐकला आहे. त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, गुडघा दुखायला लागला तेव्हाही विचारला. काकू चुलीपुढून म्हणाल्या, "तीस वर्स झाले, काहीच बदललं नाही. तेच दुखून राह्यलं."

जानेफळचा एक शेतकरी आला होता. त्याचा पंप पाणी ओढत नव्हता. गावातल्या, पाहुण्यातल्या प्रत्येकानं हात चालवून पाहिला होता. मिस्त्रींनी त्याला बसवून यादी करायला लावली. तळाची झडप, जिला आमच्याकडे सगळे फुटबॉल म्हणतात, ती बदलली होती. पट्टा बदलला होता. पंपाच्या दांड्याभोवती गळती थांबवायला भरतात ती दोरी नवीन भरली होती. असं करत करत आठ बदल निघाले. शेवटचा अर्थातच शेणकाला. पाईपात पाणी टिकत नसलं की आमच्याकडे वरून शेणाचा काला ओततात, म्हणजे भोकं बुजतात.

मला वाटलं, आता आठही गोष्टी तपासाव्या लागणार. मिस्त्री म्हणाले, "शेवटचे चार उलटे करा. जसं होतं तसं."

चार उलटे केले. पाणी चढलं.

"म्हंजे पहिले चार बिचारे साधे हायेत. चोर या चारात हाये. आता याच्यातले दोन परत करा." असं करत तिसऱ्या फेरीला चोर सापडला: भाच्यानं पाईपच्या जोडात घातलेली चामड्याची चकती. तिच्यातून हवा जात होती. शेणकाल्यानं ती मधून मधून बुजायची, म्हणून पंप दोन दिवस चालायचा आणि तिसऱ्या दिवशी रुसायचा.

"शेनानं दोष जात नाही," मिस्त्री त्या शेतकऱ्याला म्हणाले, "झाकल्या जाते." शेतकरी हसत म्हणाला, "मिस्त्री, भाच्याले बी उलटा करू काय?"

हे तर काहीच नाही. त्यांचं खरं वेड श्रावणात दिसायचं. पावसाळ्यात विहिरीवरची इंजिनं बंद असतात, दुकानात काम नसतं. तेव्हा मिस्त्री नवी कोरी वही घेऊन बसायचे आणि जुनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पुन्हा लिहून काढायचे. नवीन एक अक्षर घालायचं नाही. तीन पानांवर तीन माणसांनी एकच गोष्ट लिहिली असेल तर त्याचं एक पान करायचं आणि तिघांची नावं खाली लिहायची. चाळीसाव्या पानावरची गोष्ट जिथं लागते तिथं, म्हणजे पाचव्यावर आणायची. जुनी वही पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायची. महिनाभर हे चाले. गल्लीतली माणसं येता-जाता विचारत, "काय मिस्त्री, यंदा नवीन काय लिवलं?"

"काहीच नाही. जुनंच हाये. पन आता सापडते."

एक श्रावण त्यांनी एका शब्दापायी घालवला. डिझेलचा पंप जिथं इंजिनावर बसतो, तिथं खाली पितळेच्या पातळ चकत्या असतात. वहीत त्यांना कोणी चकती लिहिलं होतं, कोणी पत्री, कोणी वायसर, कोणी नुसतंच 'ते पितळ'. मिस्त्रींनी सगळीकडे पत्री केलं. मी वैतागलो. "मिस्त्री, याच्यानं एक तरी इंजन चांगलं चाललं काय?"

"एका वस्तूची चार नावं असली का दुकानदार चार वस्तू इकते," ते म्हणाले.

त्या वेळी मी हसलो. पुढे स्वतः सुट्या भागांचं दुकान टाकलं तेव्हा कळलं की या म्हाताऱ्यानं माझा धंदा सुरू होण्याआधीच कमी करून ठेवला होता.

आता त्या पत्रीचीच गोष्ट सांगायला हवी.

माझं तिसरं वर्ष होतं. दुकानात आलेलं एक इंजिन ओझं घेत नव्हतं. पट्टा चढवला की दम टाकायचं. मी पंपाखालची एक पत्री काढली. पत्री काढली की डिझेल सिलिंडरात थोडं आधी पडतं. इंजिन गरजायला लागलं. मी लिहिलं: इंजिन ओझं घेत नसेल तर एक पत्री काढावी. 'का'ही लिहिलं, चांगल्या चार ओळी. मिस्त्रींनी वाचलं, मला बाजूला उभं केलं, पत्री पुन्हा घातली, वाचून पुन्हा काढली, इंजिन चालवून पाहिलं आणि 'करून पाहणारा'मध्ये आपलं नाव घातलं. माझं पहिलंच पान. त्या दिवशी मी गल्लीतल्या सगळ्यांना भजी चारली.

सहा महिन्यांत ते पान दहा-बारा गावी उतरून गेलं. त्यातलं एक हिवऱ्याला. तिथल्या कारागिरानं गणपतभाऊ नावाच्या एका वांगी-मिरची पिकवणाऱ्या मळेकऱ्याच्या इंजिनाची पत्री काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतभाऊंनी हँडल मारलं. डिझेल वेळेआधी पेटलं, फिरणारं चाक उलटं आलं आणि हँडलनं त्यांचं मनगट मोडलं.

मिस्त्री हिवऱ्याला गेले. प्रश्न तोच: शेवटी काय बदललं? उत्तर मिळालं: "पत्री काढली. तुमच्या वहीत लिवलं तसं."

परत आले ते थेट माझ्याकडे. मी दुरुस्त केलेलं ते जुनं इंजिन मागवून घेतलं, त्यात पत्री परत घातली आणि चालवलं. ते तितकंच छान चाललं. पत्रीचा काही संबंधच नव्हता.

"त्या रोजी तू अजून काय केल्तं बे?"

मला आठवलं. डिझेल गाळायचं फडकं चिखलासारखं झालं होतं, ते मी धुऊन घातलं होतं.

"मंग लिवलं काऊन नाही?"

"फडकं धुतलं ते काय लिवायचं, मिस्त्री? ते त् कोनी बी धुते."

त्यांनी तांबडी शाई काढली, माझ्या पहिल्या पानावर रेघ मारली आणि खाली लिहिलं: चूक. दोन कामं केली, एक लिहिलं. हिवऱ्याच्या माणसाचं मनगट मोडलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो आणि हिशेब मिटला असता.

पुढच्या वर्षी मी नांदुऱ्याला दुकान टाकलं. रेल्वेचं गाव, कापसाचा, धान्याचा बाजार, माल उतरवायला सोपं. दोन वर्षांत माझं नाव झालं. पण कोणतं? कारागीर दुकानात यायचे आणि आपल्याकडची उतरलेली वही आठवून म्हणायचे, "तुम्हीच काय ते पत्रीवाले?" मी भाव सांगितला की, "पत्री काढून सांगून राह्यले का ठेवून?" एका नव्या कंपनीच्या इंजिनांची एजन्सी मला मिळायची होती, त्यांचा माणूस पाहायला आला, चार कारागिरांशी बोलला, चहा प्याला आणि गेला. एजन्सी दुसऱ्याला मिळाली. कशामुळे, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून दर श्रावणात मी खामगावला बस बदलून मेहकरला जायचो. मिस्त्री नवी वही लिहीत बसलेले असायचे. मी म्हणायचो, "तुम्ही तिनाचं एक करता, चाळीसचं पाचावर आनता. मंग हे एक पान तेवढं गाळा ना. चुकीचं हाये हे सगळ्याइले मालूम झालं. आता कोन काढते पत्री?"

"मालूम हाये कारन पान हाये," ते मान वर न करता म्हणायचे. "पान गेलं का एखादा हुशार पुन्हा काढीन. तुह्याएवढे हुशार लय पैदा होतात."

मी त्यांना काम करताना लोखंड पकडून ठेवायचा नवा वाइस देऊ केला. चांगला, जड, परदेशी. ते म्हणाले, "ठेवून जा, किंमत सांग." मी परत घेऊन आलो.

असं पाचसहा श्रावण गेले. मग एक दिवस नांदुऱ्यातल्या एका कारागिरानं नुकतीच उतरून आणलेली वही माझ्या काउंटरवर ठेवली. मी सवयीनं माझं पान काढलं आणि माझं डोकंच फिरलं. पानावर माझं नाव होतं, तांबडी रेघ होती, मोडलेलं मनगट होतं. 'करून पाहणारा' हा रकानाच नव्हता. कोणत्याच पानावर नव्हता.

मी दुकान तसंच माझ्या भाच्याच्या गळ्यात टाकलं आणि पहिली बस पकडली. मेहकरला पोचलो तेव्हा मिस्त्री ओट्यावर बसून पान लावत होते.

"रकाना कुठं गेला?"

"कोनता? तो? लय जागा खात होता. जुन्या गोष्टीत कोनं करून पाह्यलं याले कोन पुसते आता? वही अर्धी झाली पाह्य, हलकी झाली."

"नवीन काही नाही, जुनंच हाये, असं म्हनता ना तुम्ही? मंग जुनं दाखवा!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की समोरचा शिंपी मशीन थांबवून बाहेर आला.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, ट्रंक ओढली, त्या वर्षाची वही शोधली आणि माझं पान उघडलं. शेजारच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात त्यांचं नाव होतं.

त्यांनी त्या नावावर बोट ठेवलं. पानाचा विडा हातातच राहिला.

"म्या तुह्याच इंजनावर करून पाह्यलं," ते म्हणाले. "धुतलेल्या फडक्यावर. दुसऱ्या इंजनावर पाह्यलं असतं त् तिथंच सापडलं असतं."

बोलायचं सगळं बसमध्ये ठरवून आलो होतो, ते तसंच राहिलं.

"रकाना काढला तवा वाटलं, वहीचं ओझं कमी झालं. ओझं माहंच कमी झालं होतं."

मी सौदा करणारा माणूस. समोरचा वाकला की भाव बोलायचा, हे मला शिकवावं लागत नाही. मी लगेच म्हणालो, "मिस्त्री, आता दोघाइचंबी नाव खराब हाये. दोन्ही काढून टाकू. मिटलं."

"वही कोनी कोनी उतरून नेली त्याची यादी हाये माह्यापाशी," ते म्हणाले. त्यांनी तांबड्या शाईची दौत रुमालात बांधली, पायात चपला घातल्या. "चाल."

मला वाटलं, मी जिंकलो. हिवऱ्याच्या बसमध्ये तिकीटसुद्धा मीच काढलं.

हिवऱ्याच्या कारागिरानं यंदाच नव्यानं उतरलेली आपली वही पुढे केली. मिस्त्रींनी माझं पान काढलं, दौत उघडली आणि माझ्या नावाला हात न लावता समासात लिहिलं: 'करून पाहणारा', पुढे स्वतःचं नाव, आणि खाली: यानं त्याच इंजिनावर करून पाहिलं, म्हणून चूक पुढे गेली. मग शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसले.

"मिस्त्री, माहं नाव?" मी म्हणालो.

"ते खरंच हाये ना? मंग राहू दे."

तेवढ्यात कोणीतरी निरोप दिला म्हणून गणपतभाऊ मळ्यातून आले. मनगट वाकडंच बसलं होतं. मिस्त्रींनी त्यांच्यापुढे वही धरली आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. "तुमचा हात याच्या एकट्याच्यानं नाही मोडला, भाऊ. माह्याबी नावानं मोडला."

गणपतभाऊंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हंजे तुम्ही दोघं होते काय? बरं झालं सांगतलं. इंजन आजबी मलेच डाव्या हातानं सुरू करा लागते. चला मंग, दोघं मिळून हँडल मारा. मिरचीले पानी द्याचं हाये."

आणि आम्ही गेलो. साठी उलटलेले मिस्त्री आणि मी, एका हँडलला चार हात. इंजिन पहिल्या फेऱ्यात नाही धरलं. गणपतभाऊ बांधावरून म्हणाले, "पत्री त् नाही ना काढली कोनी?" दुसऱ्या फेऱ्यात धरलं.

पुढच्या पावसाळ्यात मिस्त्री यादीतल्या प्रत्येक गावी बसनं गेले. रुमालात दौत, आणि प्रत्येक वहीत तीच ओळ. मोठ्या वहीत तर त्यांनी रकानाच परत आखला. नांदुऱ्याला आले तेव्हा माझ्याच काउंटरवर बसून त्यांनी ती लिहिली. मी चहा पाजला.

मिस्त्री गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. काकूंनी निरोप पाठवला की ट्रंक घेऊन जा. शेवटच्या वहीच्या पहिल्या पानावर 'यापुढं वही कोणाकडं' असं लिहून समोर माझं नाव घातलेलं होतं. का, तेही लिहिलेलं होतं, नियमाप्रमाणे: याला प्रत्येक पान कुठं आहे ते माहीत असते, कारण हा भांडायला येते.

वही आता माझ्या दुकानात, खिडकीला, त्याच साखळीनं आहे. कोणीही उतरून न्यावी. गणपतभाऊ बाजाराला आले की दुकानात येतात, वाकडं मनगट काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "हा हात पाहून भाव सांग." अख्ख्या नांदुऱ्यात माझ्याकडून पहिल्याच बोलीत भाव उतरवून घेणारा तो एकच माणूस आहे.

पहिल्या श्रावणात मी नवी वही लिहायला बसलो. माझं पान आलं. अडवायला कोणी नव्हतं. पण समोर कोणीच नसताना सौदा करायचा कोणाशी? मी ते पान जसंच्या तसं उतरवलं. रेघ, मनगट, फडकं, सगळं. फक्त रकान्यांची जागा बदलली. सगळ्या वहीत आता 'करून पाहणारा' आधी येतो आणि 'लिहिणारा' नंतर, म्हणजे त्या पानावर त्यांचं नाव पहिलं आहे आणि माझं दुसरं.

काही वाढवलेलं नाही, काही काढलेलं नाही. कोणाला शंका असेल त्यानं यावं. ट्रंक इथंच आहे.